दाढेचा चातुर्मास

…आणि मी म्हणते, विचारायचंच होतं तर आधी विचारावं की नाही? तोंडात एक छोटा आरसा, थुंकी ओढणारी एक नळी, दोन्ही गालांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर तो भलामोठा दिवा, एवढा सगळा सरंजाम मांडून झाल्यावर ती पोरगी मला विचारते, "काकू, आठवड्याला उपास किती करता?" आता तुम्हीच सांगा, उत्तर देऊ कशानं? मी बोटं वर केली. सोमवार एक, गुरुवार दोन. मग चतुर्थ्या आणि एकादश्या आठवड्यात धरायच्या की महिन्यात, या विचारात तिसरं बोट तसंच अर्धवट उभं राहिलं…

पोरगी म्हटलं तरी ती डॉक्टर आहे हं, डॉक्टर नीरजा. आमच्या विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला मिठाईच्या दुकानाच्या वर तिचा दवाखाना आहे. खाली पेढे, वर दाढा. आमचे हे तिथं पायऱ्या चढताना म्हणाले, "मांडणी योग्य क्रमानं केलेली आहे." यांचं बोलणं असंच. आयुष्यभर सरकारी कचेरीत शेरे मारले, आता निवृत्तीनंतर माझ्यावर मारतात.

पण मी मुळात तिथं गेले का? तर संकष्टीला राजगिऱ्याची चिक्की चावली आणि उजवीकडची खालची दाढ हलली. दुखली नाही हं, हलली. पंगतीत शेजारचं कुणीतरी पाट सरकवून बसतं ना, तसं वाटलं तोंडात. मी जीभ लावून पाहिली, तर पुन्हा सरकली. झालं, दोन आठवडे माझी जीभ दुसरं कामच करेना. जप करताना बघावं तर जीभ तिथं. भाजी घेताना तिथं. भाजीवाला विचारतोय कोथिंबीर देऊ का, आणि मी तोंड वाकडं करून उभी.

आणि तुम्हाला सांगते, मी घाबरले. आता एका दाढेचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या आईचे पन्नाशीच्या आत सगळे दात गेले होते. ती हसायला लागली की आधी पदर तोंडाशी जायचा, मग हसू यायचं. मी लहानपणी समजत होते, आई लाजाळू आहे. खूप उशिरा कळलं, तिला हसायला फार आवडायचं, दाखवायला आवडत नव्हतं. आणि मी आता छप्पन्नची आहे, मला हसू दिवसातून चारदा येतं, यांच्याशी संसार केल्यावर येणारच, तर मला काही पदर तोंडाशी न्यायचा नव्हता. एवढंच माझं मागणं.

तर नीरजानं बोळे काढले, नळी काढली, खुर्ची सरळ केली आणि म्हणाली, "काकू, दाढ किडलेली नाही. पण हिरड्या सुजल्यात आणि दाढेनं पकड सोडायला सुरुवात केलीय. मी आतलं सगळं साफ करते, पण पुढचं तुमच्या हातात आहे. चार महिने बघू. घट्ट झाली तर राहील. नाहीतर काढू." काढू हे ती असं म्हणाली जसं आपण म्हणतो, गॅसवरचं दूध काढू.

मग तिनं विचारलं, "दात कधी घासता?" मी म्हटलं, रोज सकाळी. ती लिहायला लागली. मी खोटं कशाला बोलू, पुढचं वाक्य पुरं केलं, "उपासाचे दिवस सोडून."

तिचं पेन थांबलं.

आता यात थांबण्यासारखं काय आहे? आमच्या सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, उपासाच्या दिवशी दातांना काष्ठ लावायचं नाही, बारा चुळा भरायच्या, की मुख शुद्ध. तीस वर्षं मी बारा चुळा भरतेय, मोजून, तेरावी नाही. नीरजा म्हणाली, "काष्ठ म्हणजे काय हो काकू?" म्हटलं, काडी, लाकडाची, बाभळीची, कडुनिंबाची. "मग तुमचा ब्रश लाकडाचा आहे?" म्हटलं, नाही, प्लास्टिकचा, हिरवा. तिनं तेही लिहून घेतलं. आमचे हे बाहेरच्या बाकावरून म्हणाले, "शास्त्रकारांना प्लास्टिक माहीत नव्हतं, सुखी होते बिचारे." म्हणजे सगळं ऐकत होते.

मग तिनं कागदावर माझे उपास मांडले. चार सोमवार, चार गुरुवार, दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या आणि एक प्रदोष. म्हणाली, "महिन्यातले तेरा दिवस तुमच्या दातांना ब्रश लागत नाही." घरी येताना हे म्हणाले, "माणसाला दात बत्तीस, तुझे उपास तेहेतीस, कसा मेळ बसायचा?" पण माझ्या डोक्यात ते तेरा दिवसच फिरत होते. छप्पन्न वर्षं हे तोंडात घेऊन फिरतेय, आणि मला कुणी सांगितलं नाही.

बरं, तिथं खुर्चीतच मी तिला म्हटलं होतं, अगं पण उपासाला खातंच कोण? दात मळणार कशानं? तर ती म्हणाली, "सांगा बघू, परवाच्या गुरुवारी काय काय खाल्लंत." मी सांगायला लागले. सकाळी चहा. मग साबुदाण्याची खिचडी, अगदी वाटीभर. अकराला चहा. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. मग दोन खजूर, अशक्तपणा येऊ नये म्हणून. चारला चहा, त्याबरोबर बटाट्याचा कीस, तो काही खाणं नव्हे. संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. रात्री… आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की साध्या दिवशी मी दोनदा जेवते आणि उपासाच्या दिवशी आठदा. तुम्ही कधी मोजलंय का? मोजू नका.

नीरजा म्हणाली, "प्रत्येक वेळी काही गोड किंवा पिठूळ खाल्लं, की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि ते अर्धा तास दातांवर काम करतं. तुमच्या उपासाला त्यांची पंगत उठतच नाही. खिचडीचा साबुदाणा दाढेच्या फटीत बसतो, खजूर चिकटतो, आणि वर तुम्ही ब्रश लावत नाही." म्हणजे बघा, उपास माझा, पारणं त्यांचं. आणि मी दर गुरुवारी हात जोडून म्हणतेय, सगळ्या जिवांचं कल्याण कर.

मग मात्र मला राहवेना. एकदा कळायला लागलं की माणूस विचारतच सुटतो, नाही का? मी त्या पोरीला इतके प्रश्न विचारले की बाहेर बसलेला एक दाढदुख्या आत डोकावून गेला. दातावरचं पांढरं कवच म्हणे आपल्या अंगातली सगळ्यात कठीण वस्तू. हाडाहून कठीण. पण हाड मोडलं तर जुळतं, आणि या कवचाला एकदा खड्डा पडला की ते पुन्हा उगवत नाही, कारण त्यात जीवच नसतो. एवढी बळकट वस्तू आणि दुसरी संधी नाही. तोंडात दिवसाला जवळजवळ लिटरभर लाळ तयार होते, तीच आपली मोलकरीण, दिवसभर धुवत असते. आणि झोपलं की ती रजेवर जाते, म्हणून रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं. मी तर रात्री कधीच घासलं नव्हतं. आमच्या घरी रात्री दूध प्यायचं आणि झोपायचं. छप्पन्न वर्षं मोलकरीण रजेवर, भांडी तशीच, आणि मला कुणी सांगितलं नाही.

आणि गोगलगाय माहीत आहे ना? पावसाळ्यात माझ्या तुळशीवर येते ती? तिच्या जिभेवर हजारो दात असतात म्हणे. हजारो. आता मी तिला कुंडीतून उचलते तेव्हा जरा मानानं उचलते.

मग मी हळूच आईचं विचारलं. म्हटलं, आई म्हणायची, एका बाळंतपणाला एक दात जातो, आम्ही पाच भावंडं, तर तिचे गेले ते आमच्यामुळेच ना? मला हे लहानपणापासून बोचत होतं, कुणाला बोलले नव्हते. नीरजा म्हणाली, "नाही हो काकू. बाळाचे दुधाचे दात पोटातच घडायला लागतात हे खरं, पण ते आईच्या दातातून काही काढून घेत नाहीत. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्या होतात, आणि स्वतःकडे बघायला बाईला वेळ नसतो. त्यानं जातात." म्हणजे आम्ही नव्हतो. आईलाही कुणी सांगितलं नव्हतं.

ती पोरगी हुशार. तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली, "काकू, आठ दिवसांवर आषाढी आहे. चातुर्मासाचा काही नेम धरत असाल ना?" म्हटलं, धरते तर. गेल्या वर्षी वांगं सोडलं, त्याआधी एक लाख वाती केल्या. "मग यंदा हा धरा. रोज दोनदा दोन मिनिटं, उपास असो नसो. कार्तिकीनंतर मला दाढ दाखवा."

आता याला काय म्हणाल? तीस वर्षं कुणी म्हणालं असतं, दात घासा, तर मी हो म्हणून विसरले असते. पण नेम म्हटल्यावर संपलं. नेम तो नेम.

आषाढीच्या सकाळी देवापुढे पाणी सोडून संकल्प केला. दाढेचं नाव घेताना जरा अवघडल्यासारखं झालं, पण देवाला काय, सगळं माहीत असतं. मग नियम सुरू झाले, आणि तुम्हाला सांगते, सोळा सोमवार सोपे. एक तर पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यायची. आम्ही जाहिरातीत बघून ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी घालत होतो. ब्रश मऊ हवा आणि हलक्या हातानं फिरवायचा. मी आजवर पितळी तांब्या घासावा तसे दात घासत होते, स्वच्छतेच्या नावाखाली हिरड्या सोलत होते. लिंबू सरबत घेतलं की अर्धा तास ब्रश लावायचा नाही, आंबटानं कवच जरा हळवं झालेलं असतं.

आणि दोन मिनिटं मोजायची कशी? घड्याळ लावून दात घासणं म्हणजे कुकर लावल्यासारखं. मग सुचलं, एकशे आठ नामं घेतली की साधारण दोन मिनिटं होतात. आणि बघा हं, तोंडाचे चार भाग, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा उजवा, खालचा डावा, आणि एकशे आठाला चारानं भागलं तर बरोबर सत्तावीस. सत्तावीस नक्षत्रं. मला इतका आनंद झाला की मी ब्रश तोंडात धरूनच यांना सांगायला गेले. हे म्हणाले, "आधी थुंकून ये."

पण मग शंका. तोंडात फेस असताना देवाचं नाव चालतं का? आमच्या गुरुजींना फोन लावला. फार सज्जन माणूस, आमच्या घरची पूजा गेली वीस वर्षं तेच सांगतात. म्हणाले, "वहिनी, मनातल्या जपाला शुचितेची अट नाही. चालू द्या."

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? घासून झालं की फेस थुंकायचा, पण चूळ भरायची नाही. कारण पेस्टमधलं औषध दातांवर राहायला हवं. आता मला सांगा, जिनं तीस वर्षं बारा बारा चुळा भरल्या तिनं एकही भरायची नाही? पहिले आठ दिवस मी नळाकडे बघत उभी राहायची. तोंड उष्टं वाटायचं, देवाच्या खोलीपुढून जाताना मान खाली. नववा दिवस उजाडला आणि वाटलं, दातांवरून जीभ फिरवली तर कशी गुळगुळीत लागतेय, नव्या परातीसारखी.

सून आमची स्पृहा, खराडीला कंपनीत आहे. तिच्याकडे विजेवर चालणारा ब्रश. ती म्हणाली, "आई, तुम्ही हा घ्या ना, खूप ईझी आहे, हात हलवायला पण लागत नाही." मी म्हटलं, बाई, तो आपला आपण हलतो, मग पुण्य मला की चार्जरला? पण तिनंच मला तो बारीक दोरा शिकवला, दोन दातांच्या मधून घालायचा. गजरे केलेत मी चाळीस वर्षं, दोरा माझ्या हातचा मळ. पहिल्या दिवशी त्या दोऱ्यावर जे निघालं ते… जाऊ द्या, तुम्ही जेवून आला असाल. एवढंच सांगते, दातांच्या मध्येही घर असतं आणि तिथंही राहणारे असतात, हे छप्पन्न वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

गणपतीत मात्र कसोटी लागली. आमच्या सोसायटीची आरती नऊला, म्हणून मी साडेनऊला घासून मोकळी. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची कुसुमताई खिरापत घेऊन दारात. कुसुमताई मूळची धानोरीची, शेतात इमारती उभ्या राहिल्या तरी तिचं बोलणं शेतातलंच. "घ्या ताई, परसादाला न्हाई म्हनू ने." बरोबरच आहे, प्रसादाला नाही कसं म्हणणार? खाल्ली. पुन्हा ब्रश, पुन्हा एकशे आठ. झाला म्हणते तोवर कुसुमताई परत. "आवो, मोदक द्यायचाच राहिला." त्या रात्री माझी तीन माळा नामं झाली. हे म्हणाले, "या दाढेला मोक्ष मिळणार, तुझं सांगता येत नाही."

असे चार महिने गेले. एक दिवस चुकला नाही. एकादशीला घासले, सोमवारी घासले. आणि दाढ… मी जीभ लावून बघायची नाही असंही ठरवलं होतं, पण कधी कधी जायची, आणि वाटायचं, सरकत नाहीये. की मलाच तसं वाटतंय? आशा धरायचीही भीती वाटत होती.

तुळशीचं लग्न झालं आणि मी रीतसर उद्यापन केलं. उद्यापनाशिवाय व्रत पुरं होत नाही. पाच सवाष्णी बोलावल्या, पुरण घातलं, ओटी भरली, आणि वाण काय द्यायचं? व्रत ज्याचं, वाण त्याचं. पाच मऊ ब्रश, हळदीकुंकू लावून. कुसुमताईनं ओटीत हात घातला आणि म्हणाली, "ताई, वटीत बरश? म्या तर मिश्री लावती ल्हानपनापास्नं. माजे दात बघा, अजून ऊस सोलती." मी तिला नीरजानं सांगितलेलं सांगितलं, की मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात राहतील पण गालाची आतली कातडी नासते, एकदा दाखवून तरी ये. ती म्हणाली, "ते वरत तुमचं हाय, मला कशाला गुतवता?" पण ब्रश पिशवीत नीट आडवा ठेवलान, ते मी बघितलं. पुढच्या आठवड्यात तिला हाताला धरून नेणारच आहे.

आणि मग, खरं सांगते, काय मोकळं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा रात्री दूध पिऊन सरळ झोपले. दुसऱ्या दिवशी दोन करंज्या खाऊन झोपले. सोमवारी उपास, बारा चुळा, ओळखीचं सगळं. दोरा शिवणाच्या डब्यात गेला. व्रताचा मऊ ब्रश कचऱ्यात कसा टाकायचा म्हणून निर्माल्याच्या पिशवीत ठेवला.

बारा दिवसांनी नीरजाकडे गेले. तीच खुर्ची, तोच दिवा. तिनं दाढेवर काहीतरी टेकवलं, हलवून बघितलं, पुन्हा हलवून बघितलं. माझे हात घट्ट जोडलेले, डोळे मिटलेले. ती म्हणाली, "काकू, घट्ट झालीय." बस. एवढंच. आणि तुम्हाला सांगते, मी तोंडात आरसा असताना हसले, आणि माझा हात पदराकडे गेला नाही.

पण ती हसत नव्हती. तिनं दाढेच्या मागच्या बाजूनं काहीतरी खरवडलं आणि आरशावर घेऊन मला दाखवलं, पिवळट, दुधावरच्या सायीसारखं. "हे नवीन आहे. रात्रीचं घासणं चालू आहे ना?"

मी म्हटलं, "नाही, उद्यापन झालं ना."

"कसलं उद्यापन?"

मी सगळं सांगितलं. सवाष्णी, पुरण, वाण, निर्माल्य. ती मास्क काढून माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "काकू, या व्रताला उद्यापन नसतं." म्हटलं, असं कुठलं व्रत असतं? किती वर्षांचं आहे हे? म्हणाली, "दात आहेत तोवर." आणि मध्ये सोडलं तर? "मग दात सोडतात."

बाहेर बाकावर हे होतेच. म्हणाले, "अभिनंदन. अखंड सौभाग्यवती दाढ."

आता मला सांगा, चूक माझी आहे का? आम्हाला सुरुवात शिकवली, शेवट शिकवला, पण ज्याला शेवटच नाही ते कसं धरायचं हे कुणी शिकवलंय का? आणि त्यातून आता नवी अडचण. उद्यापन झालेलं व्रत पुन्हा धरायचं, तेही जन्मभराचं, तर संकल्पाला दिवस चांगला नको? घरी आल्या आल्या गुरुजींना फोन केला. ते पंचांग काढून बसले. पानं उलटल्याचा आवाज येत होता. म्हणाले, "वहिनी, जन्मभराचा संकल्प म्हणजे अधिक महिना उत्तम. पुढच्या ज्येष्ठात येतोय." मी म्हटलं, गुरुजी, अजून सहा महिने आहेत, तोवर दाढ थांबेल का?

पलीकडे पंचांग मिटल्याचा आवाज झाला. मग म्हणाले, "आज रात्रीच धरा वहिनी, तिथी बघू नका. माझ्या दाढा हलल्या तेव्हा मी बघत बसलो होतो. आता यजमान विडा देतात, आणि मी सुपारी काढून खिशात ठेवतो."